गूगल वेव्ह (विकसक पूर्वावलोकन)

गूगल वेव्ह ही गूगल कंपनीची ऑनलाइन सहकार्यासाठीची सेवा होती. मे २००९ च्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या 'गूगल आय/ओ' या विकसक परिषदेत ती प्रथम दाखवण्यात आली. ४ ऑगस्ट २०१० रोजी, म्हणजे साधारण चौदा महिन्यांनी, तिचा विकास थांबवत असल्याचे कंपनीने जाहीर केले. या अल्प आयुष्याचा पहिला टप्पा विकसकांसाठी राखीव होता. सर्वसामान्य वापरकर्त्यांना प्रवेश मिळण्यापूर्वी संगणक आज्ञावली लिहिणाऱ्यांनी ही सेवा वापरून पाहावी, तिच्यासाठी विस्तार तयार करावेत आणि दोष निदर्शनास आणावेत, अशी त्यामागची योजना होती. त्या टप्प्यास विकसक पूर्वावलोकन असे म्हटले जाते. अपूर्ण अवस्थेतील सहकार्य-मंचावर प्रथम पाऊल टाकणाऱ्याला काय आढळते, याचे हे चांगले नोंदले गेलेले उदाहरण आहे.

पार्श्वभूमी

वेव्हची कल्पना लार्स रासमुसेन आणि येन्स रासमुसेन या डॅनिश बंधूंची होती. सिडनी येथील 'व्हेअर २ टेक्नॉलॉजीज' या त्यांच्या छोट्या कंपनीचे काम गूगलने २००४ मध्ये विकत घेतले आणि त्यातूनच २००५ मध्ये 'गूगल मॅप्स' ही नकाशासेवा उभी राहिली. नकाशांनंतर या बंधूंनी संदेशवहनाकडे लक्ष वळवले. ईमेलची मूळ रचना आंतरजालाच्या आरंभकाळातील, टपालाच्या पत्रावर बेतलेली आहे. ती आज नव्याने करायची झाल्यास कशी असेल, हा त्यांचा प्रश्न होता. 'वॉकअबाउट' या सांकेतिक नावाने सिडनीतच हे काम झाले. 'वेव्ह' हे नाव 'फायरफ्लाय' या दूरचित्रवाणी मालिकेवरून घेतलेले आहे. त्या मालिकेतील पात्रे इलेक्ट्रॉनिक संदेशाला वेव्ह म्हणतात. सेवा कोलमडली की पडद्यावर दिसणारा दिलाशाचा संदेशही त्याच मालिकेच्या बोलीत होता. आरंभीच्या काळात वेव्ह वापरणाऱ्यांना तो वारंवार वाचावा लागे.

ईमेल आणि वेव्ह यांतील मूलभूत फरक प्रतींचा आहे. ईमेल पाठवला की प्रत्येक प्राप्तकर्त्याकडे त्याची स्वतंत्र प्रत तयार होते. पाच जणांनी उत्तरे दिली की त्याच मजकुराच्या अनेक आवृत्त्या निरनिराळ्या पेट्यांत पसरतात आणि कोणाकडे काय आहे याचा हिशेब राहत नाही. वेव्हमध्ये संभाषण सर्व्हरवर एकाच जागी असे आणि सहभागी व्यक्ती तेथे येऊन त्यात भर घालत. त्यामुळे तीच गोष्ट पत्रव्यवहारही होती, गप्पाही होत्या आणि सामाईक दस्तऐवजही होता. गूगलने वेव्हचे वर्णन तीन पदरी केले होते: वापरण्याजोगे उत्पादन, विस्तार बांधण्याजोगा मंच आणि इतरांनी आपल्या सर्व्हरवर राबवण्याजोगा खुला प्रोटोकॉल. परिषदेतील सुमारे ऐंशी मिनिटांच्या प्रात्यक्षिकानंतर उपस्थित विकसकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या, त्या बऱ्याच अंशी दुसऱ्या आणि तिसऱ्या पदरासाठी होत्या.

प्रवेश आणि प्रथमदर्शन

परिषदेस उपस्थित असलेल्यांना आणि नंतर अर्ज केलेल्यांपैकी काहींना 'वेव्ह सँडबॉक्स' या चाचणी-सर्व्हरवर खाती देण्यात आली. सँडबॉक्स म्हणजे वाळूचा हौद. मराठी विकिपीडियावर 'धूळपाटी' हा शब्द ज्या अर्थाने रूढ आहे, त्याच अर्थाची ही जागा. येथे केलेली मोडतोड कोणाच्या कामाच्या आड येणार नाही आणि येथील मजकूर टिकेलच असे नाही, या समजुतीवर तिचा वापर होत असे.

पडदा तीन भागांत विभागलेला होता. डावीकडे दिशादर्शन व संपर्कयादी, मध्ये लहरींची यादी आणि उजवीकडे उघडलेली लहर. प्रत्येक संभाषणाला लहर हेच नाव होते. ईमेल वापरणाऱ्याला ही मांडणी ओळखीची वाटे आणि त्यामुळेच ती काहीशी फसवीही ठरे, कारण यादीतील गोष्टी पत्रांप्रमाणे स्थिर नव्हत्या. सहभागी असलेल्या कोणीही एखादे अक्षर बदलले तरी ती लहर न वाचलेली ठरून यादीत वर येई. पेटी वाचून संपवणे ही ईमेलमधील नेहमीची क्रिया येथे जवळजवळ अशक्य होती.

नव्या सदस्याची पेटी आरंभी रिकामीच असे. त्याचे सहकारी, मित्र किंवा ग्राहक यांपैकी कोणाकडेही खाते नसल्याने बोलायचे कोणाशी हा पहिला प्रश्न होता. त्यावर उपाय म्हणून विकसक सार्वजनिक लहरींकडे वळत. शोधपट्टीत ठराविक सूत्र टाकले की सर्वांसाठी खुल्या असलेल्या लहरी दिसत. परक्या विकसकांनी मांडलेल्या शंका, अर्धवट चाचण्या, सापडलेले दोष आणि नुसत्या नमस्कारांचे ढीग असे त्यांचे स्वरूप होते. शंभराहून अधिक उत्तरे असलेली लहर उघडली की ब्राउझर अडखळू लागे. वेव्हचा ब्राउझरमधील भाग 'गूगल वेब टूलकिट' या साधनाने जावा भाषेतून जावास्क्रिप्टमध्ये रूपांतरित केलेला होता आणि तत्कालीन ब्राउझरांच्या क्षमतेच्या मर्यादेपर्यंत तो जात असे. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये तर 'क्रोम फ्रेम' हे जोडसाधन बसवल्याशिवाय सेवा वापरता येत नसे. संगणकावरील छायाचित्र ओढून लहरीत टाकायचे झाल्यास 'गूगल गिअर्स' हे आणखी एक साधन लागे.

सर्वाधिक चर्चा झाली ती थेट टंकनाची. समोरची व्यक्ती टंकत असलेले प्रत्येक अक्षर त्याच क्षणी इतरांना दिसे. चुकलेले शब्द, खोडलेली वाक्ये, बदललेला विचार, सर्व काही. वेळ वाचवणे हा त्यामागचा हेतू होता: वाक्य पूर्ण होण्याआधीच उत्तर सुचू लागते, मग थांबायचे कशाला? अनेक वापरकर्त्यांना मात्र आपण उघड्यावर लिहीत आहोत असे वाटे. मजकूर पूर्ण झाल्यावरच दिसावा यासाठीच्या मसुदा-सोयीचा उल्लेख प्रात्यक्षिकात झाला होता, पण पूर्वावलोकनात ती उपलब्ध नव्हती. लिहिण्यापूर्वी मनात जुळवाजुळव करण्याची माणसाला जी मोकळीक लागते, तिचा विचार या रचनेत कमी पडला, असे यावरून म्हणता येते.

हक्कांची व्यवस्थाही आरंभी सपाट होती. लहरीतील प्रत्येक सहभागी इतर कोणाचाही मजकूर बदलू शके आणि एकदा जोडलेल्या सहभागी व्यक्तीला काढून टाकण्याची सोय नव्हती. चुकून जोडलेला परका मनुष्य किंवा बिघडलेला रोबॉट कायमचा सोबती होई. केवळ वाचण्याचा हक्क देण्याची सुविधा २०१० मध्ये आली. या सैलपणावर उतारा म्हणून 'प्लेबॅक' होता. सरकपट्टी मागे नेली की लहर पहिल्या अक्षरापासून कशी घडत गेली ते क्रमाने पाहता येई. विकिपीडियावरील पानाचा 'इतिहास' ज्यांना परिचित आहे त्यांना यातील तत्त्व लगेच कळेल. फरक एवढाच की विकिपीडियावर जतन केलेल्या आवृत्त्या दिसतात, येथे त्यांच्या मधला प्रवासही दिसे.

एकाच वेळी संपादन: क्रिया-रूपांतरण

अनेकांनी एकाच मजकुरात एकाच क्षणी बदल केले तरी सर्वांच्या पडद्यावर अखेरीस सारखाच मजकूर कसा राहतो, हा वेव्हच्या केंद्रस्थानी असलेला तांत्रिक प्रश्न होता. त्यासाठी क्रिया-रूपांतरण हे तंत्र वापरले गेले. त्याचे मूळ १९८९ मधील एलिस आणि गिब्ज यांच्या संशोधनात आहे. १९९५ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रातील 'ज्युपिटर' प्रणालीने त्याला मध्यवर्ती सर्व्हरची जोड दिली आणि वेव्हने तीच वाट पुढे नेली.

तंत्राची गरज एका लहान उदाहरणाने स्पष्ट होते. समजा, सामाईक मजकूर 'सभा आहे' असा आहे. युनिकोडमध्ये मात्रा स्वतंत्र गणली जाते; म्हणून स, भ, आकाराचा काना, मोकळी जागा, आ, ह आणि एकाराची मात्रा मिळून या मजकुराची लांबी ७ भरते. पहिला लेखक आरंभी, म्हणजे ० या स्थानी, 'आज' हा शब्द व त्यापुढे एक मोकळी जागा घालतो. त्याच क्षणी दुसरा लेखक शेवटी, म्हणजे ७ या स्थानी, एक मोकळी जागा व 'ना' घालतो. सर्व्हरपाशी पहिल्याची क्रिया आधी पोहोचली, तर मजकूर 'आज सभा आहे' होतो. आता दुसऱ्याची क्रिया जशीच्या तशी लावली, तर नव्या मजकुरातील ७ वे स्थान 'सभा' नंतरच्या मोकळ्या जागेच्या पुढे येते आणि 'आज सभा नाआहे' असा अर्थाचा अनर्थ होतो. मजकुराच्या सुरुवातीस तीन चिन्हे वाढली आहेत, हे लक्षात घेऊन दुसऱ्या क्रियेचे स्थान ७ ऐवजी १० करावे लागते. हे करणे म्हणजेच क्रियेचे रूपांतरण. मग 'आज सभा आहे ना' हा दोघांच्याही मनातला मजकूर तयार होतो. दुसऱ्या लेखकाच्या ब्राउझरवर मात्र त्याची स्वतःची क्रिया आधीच झालेली असते. तेथे नंतर येणाऱ्या पहिल्या क्रियेचे स्थान तपासले जाते, ते ० असल्याने बदलावे लागत नाही, आणि दोन्हीकडे फलित एकच राहते.

दोन क्रियांपुरते हे सोपे आहे. परंतु दोन्ही बाजूंनी अनेक क्रिया वाटेत असताना प्रत्येकीचे प्रत्येकीशी रूपांतरण करत बसणे जिकिरीचे होते. वेव्हने येथे एक सूज्ञ बंधन घातले. ब्राउझरने पाठवलेल्या बदलाची पोच सर्व्हरकडून येईपर्यंत त्याने पुढचा बदल पाठवायचा नाही. दरम्यान टंकलेले सर्व काही साठवून एकत्र करायचे. त्यामुळे सर्व्हरला लहरीचा एकच सरळ इतिहास सांभाळावा लागे. या बंधनाची किंमत म्हणजे इतरांना दिसणारी अक्षरे कधीकधी झटक्याझटक्याने येत; संथ जोडणीवर ते विशेष जाणवे.

लहरीची अंतर्गत रचना तीन पातळ्यांची होती. एका लहरीत एक किंवा अधिक 'वेव्हलेट' असत आणि प्रत्येक वेव्हलेटला सहभागींची स्वतःची यादी असे. लहरीच्या पोटात दोघांनीच खासगी बोलायचे तर त्यासाठी वेगळा वेव्हलेट तयार होई. वेव्हलेटमध्ये 'ब्लिप' असत. ब्लिप म्हणजे एक संदेश, आणि तो आतून एक्सएमएलसारख्या दस्तऐवजाच्या रूपात असे. ठळक अक्षरे, दुवे, कोणाचा कर्सर कोठे आहे ही माहिती मजकुराबाहेर टिपणांच्या रूपात ठेवली जाई. विस्तार लिहू पाहणाऱ्या विकसकाला हे सर्व समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नसे, आणि सुरुवातीच्या बऱ्याच चाचण्या याच शब्दांचा अर्थ लावण्यात खर्च होत.

विस्तार: गॅजेट आणि रोबॉट

वेव्हवर बांधता येणारे विस्तार मुख्यतः दोन प्रकारचे होते. गॅजेट म्हणजे लहरीत बसवलेला छोटा वेब-अनुप्रयोग: मतदानाची चौकट, नकाशा, बुद्धिबळाचा पट. तो 'ओपनसोशल' या तत्कालीन मानकावर आधारलेला असून एका एक्सएमएल फाइलमध्ये लिहिता येई. सर्व सहभागींच्या पडद्यावर गॅजेटची स्थिती सारखी राहावी म्हणून वेव्ह त्याला नाव-मूल्य जोड्यांचा एक सामाईक साठा देई. एकाने मूल्य बदलले की इतरांच्या गॅजेटला तशी सूचना जाई. स्वतःचा सर्व्हर न चालवता, काही डझन ओळींत, अनेकांनी एकत्र खेळायचा खेळ तयार होतो, हे तेव्हा खरोखर नवलाचे होते. शिवाय ही स्थिती लहरीच्या इतिहासाचाच भाग असल्याने प्लेबॅकमध्ये बुद्धिबळाचा संपूर्ण डाव पुन्हा पाहता येई. त्यासाठी विकसकाला वेगळे काही लिहावे लागत नसे.

रोबॉट हा त्याहून वेगळा प्रकार. मराठी विकिपीडियावर ज्याला 'सांगकाम्या' म्हणतात, त्याच जातीचा हा स्वयंचलित सदस्य. तो माणसाप्रमाणेच लहरीत जोडला जाई, मजकूर वाचू व बदलू शके. गूगलने स्वतः तयार केलेल्या रोबॉटांपैकी 'रोझी' हा भाषांतर करणारा रोबॉट सर्वाधिक गाजला. एका भाषेत टंकलेला मजकूर तो तेथल्या तेथे दुसऱ्या भाषेत दाखवत जाई. शुद्धलेखन तपासणारा 'स्पेली' संदर्भावरून शब्द ओळखत असे.

स्वतःचा रोबॉट लिहिण्यासाठी पायथन आणि जावा या भाषांतील आज्ञासंच उपलब्ध होते. पहिल्या आवृत्तीत रोबॉट 'गूगल ॲप इंजिन' या गूगलच्याच सेवेवर ठेवण्याची अट होती आणि त्याचा पत्ताही तेथील अनुप्रयोगाच्या नावावरून ठरे. लहरीत काही घडले, म्हणजे रोबॉट जोडला गेला, ब्लिप पूर्ण झाला, सहभागींची यादी बदलली, की वेव्ह सर्व्हर रोबॉटच्या पत्त्यावर एचटीटीपी विनंती पाठवी. रोबॉटने उत्तरादाखल करावयाच्या बदलांची यादी परत करायची, एवढाच व्यवहार. पहिला रोबॉट, जो स्वागताचे एक वाक्य लिहून थांबतो, एका बैठकीत तयार होई.

अडचणी त्यानंतर सुरू होत. कोणत्या घटना कळवाव्यात हे रोबॉटने एका 'क्षमता' फाइलमध्ये नमूद करावे लागे. वेव्ह ही फाइल साठवून ठेवी आणि तिच्यातील आवृत्तीक्रमांक बदलल्याशिवाय नव्याने वाचत नसे. परिणामी आज्ञावलीत नवी घटना जोडूनही रोबॉट ढिम्म हलत नाही, हा नवागताचा ठरलेला अनुभव होता. दुसरे म्हणजे, रोबॉटला मिळणारे चित्र क्षणभर जुने असे. त्याची विनंती ॲप इंजिनपर्यंत जाऊन उत्तर येईतो माणसे टंकतच राहत. 'अमुक स्थानावरील शब्द बदला' ही रोबॉटची सूचना परत येईतो तेथे दुसराच शब्द आलेला असू शके. क्रिया-रूपांतरण बदलांचा मेळ घालते, ते हेतू जाणत नाही; व्याकरणदृष्ट्या निरर्थक पण सर्वांच्या पडद्यावर अगदी एकसारखा मजकूर, हे त्याच्या दृष्टीने यशच होते. तिसरी अडचण अशी की, पहिल्या आवृत्तीतील रोबॉट मुख्यतः प्रतिक्रिया देणारा होता. बाहेर काही घडले, उदाहरणार्थ एखाद्या प्रकल्पाच्या दोषनोंदणीत नवी नोंद आली, तर आपणहून ती लहरीत घालणे त्याला सहज जमत नसे. सहकार्याच्या साधनात विकसकाला जे सर्वप्रथम हवे असते तेच यामुळे दुर्घट झाले होते. मार्च २०१० मध्ये आलेल्या रोबॉट आज्ञासंचाच्या दुसऱ्या आवृत्तीने रोबॉटला स्वतःहून कृती करण्याची मुभा दिली. मात्र पहिल्या आवृत्तीसाठी लिहिलेले रोबॉट त्यासाठी सुधारून घ्यावे लागले.

काही मोठ्या कंपन्यांनीही या मंचावर काम केले. एसएपीने व्यावसायिक प्रक्रियांच्या आकृत्या एकत्र बसून काढण्यासाठी 'ग्रॅव्हिटी' हा नमुना तयार केला. नोव्हेलने 'पल्स' या आपल्या उत्पादनात वेव्हच्या प्रोटोकॉलशी जुळवून घेण्याचे ठरवले.

संघटित सर्व्हरांचे आश्वासन

ईमेलचे एक सामर्थ्य असे की ते कोणा एका कंपनीचे नाही. कोणतीही संस्था स्वतःचा ईमेल सर्व्हर चालवून जगाशी पत्रव्यवहार करू शकते. वेव्हबाबतही हेच व्हावे, अशी घोषणा होती. त्यासाठी एक्सएमपीपी या खुल्या संदेश-प्रोटोकॉलवर आधारित वेव्ह संघटन प्रोटोकॉलचा मसुदा प्रसिद्ध झाला आणि २००९ मध्येच गूगलने क्रिया-रूपांतरणाची आज्ञावली व 'फेडवन' नावाचा नमुना सर्व्हर मुक्त स्रोत परवान्याखाली दिला.

फेडवन उभा करणे हा विकसकांच्या सहनशीलतेचा कस होता. त्यासाठी आधी ओपनफायरसारखा एक्सएमपीपी सर्व्हर बसवावा लागे. सर्व्हरांमधील प्रत्येक बदल स्वाक्षरीने प्रमाणित होत असल्याने प्रमाणपत्रे मिळवून त्यांची साखळी नीट जोडावी लागे. हे सर्व झाल्यावर हाती येई तो मजकुरी पडद्यावर चालणारा साधा ग्राहक. ज्या आकर्षक पडद्याने परिषदेत टाळ्या मिळवल्या, तो फेडवनमध्ये नव्हता. आरंभीच्या आवृत्त्यांत लहरी केवळ स्मृतीत राहत. सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला की सारे पुसले जाई. चाचणी-सर्व्हरशी असे संघटन करण्याची मुभा विकसकांना मिळाली, पण सर्वसामान्य सदस्यांच्या दैनंदिन वापरात ते कधी उतरले नाही. प्रोटोकॉल खुला असणे आणि सेवा खुली असणे यांतील अंतर येथे स्पष्ट दिसते.

निमंत्रणे आणि सार्वजनिक टप्पा

३० सप्टेंबर २००९ पासून एक लाखाहून अधिक व्यक्तींना निमंत्रणे पाठवण्यास सुरुवात झाली. सुरुवातीच्या काही सदस्यांना इतरांची नावे सुचवता येत, परंतु सुचवलेल्यांना निमंत्रण लगेच मिळेल याची हमी नव्हती. टंचाईमुळे उत्सुकता वाढली आणि निमंत्रणे लिलाव-संकेतस्थळांवर विक्रीस आल्याच्या बातम्याही झळकल्या. पण जी सेवा एकट्याने वापरताच येत नाही तिची दारे एकेकट्यासाठी उघडणे, हा या वाटपातला मूळ विसंवाद होता. कार्यालयातील दहा जणांपैकी दोघांना प्रवेश मिळाला तर उरलेल्या आठांसाठी त्यांना ईमेलकडेच परतावे लागे. त्यातच लहरीत बदल झाल्याची सूचना ईमेलने देण्याची सोय आरंभी नव्हती. ती २०१० मध्ये आली. तोपर्यंत अनेकांनी वेव्हचे पान पुन्हा उघडून पाहणे सोडले होते.

विकसकांवर याचा परिणाम थेट होता. विस्तार तयार होते, ते वापरणारे समूह नव्हते. गॅजेटांची आणि रोबॉटांची प्रात्यक्षिके विकसक एकमेकांनाच दाखवत राहिले. सेवेचा उपयोग नेमका कशासाठी, या प्रश्नाला एकच एक उत्तर मिळत नव्हते. परिषदांत श्रोत्यांनी मिळून टिपणे काढणे, लहान गटांनी प्रकल्पाचे नियोजन करणे, भूमिकानिर्वाहाचे खेळ खेळणे अशा कामांत वेव्ह चांगली चाले; लहान, ओळखीचा आणि एकाच वेळी हजर असलेला गट ही त्यांतील समान बाब. १९ मे २०१० रोजी, पुढील वर्षीच्या आय/ओ परिषदेत, वेव्ह सर्वांसाठी खुली झाली. त्यानंतर तीन महिनेही उलटले नव्हते तोच गूगलचे वरिष्ठ उपाध्यक्ष उर्स होल्झल यांनी, अपेक्षेइतके वापरकर्ते न मिळाल्याचे कारण देऊन, स्वतंत्र उत्पादन म्हणून वेव्हचा विकास थांबवल्याचे जाहीर केले. लार्स रासमुसेन त्याच वर्षी गूगल सोडून फेसबुकमध्ये गेले.

विकसकांच्या कामाचे पुढे काय झाले

सेवा बंद होण्याचा फटका सर्वांना सारखा बसला नाही. वापरकर्त्यांना आपल्या लहरी पीडीएफ स्वरूपात उतरवून घेण्यास अवधी मिळाला. ३१ जानेवारी २०१२ पासून वेव्ह केवळ वाचण्यापुरती उरली आणि ३० एप्रिल २०१२ रोजी पूर्णपणे बंद झाली. पीडीएफमध्ये मजकूर राहतो, लहर राहत नाही. प्लेबॅक, गॅजेटांची स्थिती आणि चालू संभाषणाचा गुण त्यात उतरत नाही. रोबॉट आणि गॅजेट लिहिणाऱ्यांच्या हाती तर आज्ञावली असूनही तिला चालायला भूमीच राहिली नाही. वर्षभर फावल्या वेळात केलेले काम दुसऱ्याच्या सर्व्हरवर अवलंबून असल्याने त्याच्यासोबतच मावळले.

ज्यांनी मुक्त स्रोत भागावर मेहनत घेतली होती त्यांची स्थिती काहीशी बरी होती. सप्टेंबर २०१० मध्ये गूगलने फेडवनला ब्राउझरमधील पडद्याची व इतर भागांची जोड देऊन 'वेव्ह इन अ बॉक्स' या नावाने संपूर्ण सर्व्हर उपलब्ध करण्याची योजना मांडली. त्याच वर्षाच्या अखेरीस हा प्रकल्प अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या संगोपन-उपक्रमात 'अपाचे वेव्ह' म्हणून दाखल झाला. 'वॉकअराउंड' हा आणखी एक मुक्त स्रोत प्रकल्प होता. गूगलवरील जुन्या लहरी त्यात आयात करण्याची प्रायोगिक सोय होती.

कल्पनांचा वारसा याहून दूरवर गेला. २०१० मध्ये नव्याने बांधलेल्या 'गूगल डॉक्स'च्या संपादकात क्रिया-रूपांतरण वापरले गेले आणि अक्षरागणिक दिसणारे सहसंपादन तेथे कोणतीही खळबळ न माजवता रुळले. तेच थेट टंकन, जे संभाषणात अवघडल्यासारखे वाटे, दस्तऐवजात स्वाभाविक वाटले. कागदावर दोघे मिळून लिहीत असताना कच्चे वाक्य दिसण्यात कोणाला संकोच वाटत नाही. वेव्हवर काम केलेल्या एका अभियंत्याने पुढे 'शेअरजेएस' हा आज्ञासंच मुक्त स्रोत परवान्याने दिला आणि क्रिया-रूपांतरण स्वतंत्र विकसकांच्या आवाक्यात आले. रोबॉटांची कल्पनाही टिकली: संभाषणात सदस्य म्हणून वावरणारे, घटना घडताच एचटीटीपी विनंतीने जागे होणारे सांगकामे आज बहुतेक संघ-संवाद सेवांमध्ये आढळतात.

अपाचे वेव्ह मात्र संगोपन-उपक्रमातून बाहेर पडून पूर्ण प्रकल्पाचा दर्जा मिळवू शकला नाही. त्यावर नियमित काम करणाऱ्या स्वयंसेवकांची संख्या घटत गेली आणि जानेवारी २०१८ मध्ये तो निवृत्त करण्यात आला.